एका शकुंतलेची निवड

नाटकाच्या आरंभी नांदी होते, पडदा वर जातो, दिव्यांच्या उजेडात पात्रे उभी राहतात, आणि आपण प्रेक्षक असे धरून चालतो की ही माणसे जन्मापासून याच भूमिकांसाठी तयार होती. परंतु प्रत्येक नाटकाच्या मागे एक दिवस असा असतो की ज्या दिवशी कोणती भूमिका कोणाला द्यायची हे ठरलेले नसते. चारपाच माणसे बसलेली असतात, समोर एकेक उमेदवार उभा राहतो, दोन ओळी म्हणतो, एखादे पद गातो, आणि बाहेर जाऊन ताटकळत बसतो. आपल्या महाविद्यालयात स्नेहसंमेलनाच्या आधी हा सोहळा दरवर्षी होतो. निवडलेल्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद आणि इतरांच्या चेहऱ्यावरचे उसने हसू मी दोन वर्षे पाहतो आहे. अशा वेळी माझ्या मनात नेहमी एक प्रश्न येतो : निवडणारे नेमके काय पाहतात? आणि निवड झाली म्हणजे सारे झाले काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मराठी रंगभूमीच्या इतिहासातील एका निवडीपाशी मी येऊन थांबलो. ती निवड झाली १९०५ साली, मिरजेत. निवडणारी संस्था होती किर्लोस्कर नाटक मंडळी, आणि निवडला गेलेला मुलगा होता नारायण श्रीपाद राजहंस. महाराष्ट्र त्याला बालगंधर्व या नावाने ओळखतो. आमच्या पिढीतील बहुतेकांना हे नाव पुण्याच्या रंगमंदिरामुळे किंवा २०११ साली पडद्यावर आलेल्या चित्रपटामुळे ठाऊक असते. मला मात्र त्यांच्या चरित्रात कीर्तीच्या शिखराइतकेच त्या शिखराच्या पायथ्याचे आणि उताराचे आकर्षण वाटते. तेवढाच भाग येथे सांगणार आहे.

प्रथम मंडळीची स्थिती पाहू. बळवंत पांडुरंग तथा अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी १८८० साली पुण्यात शाकुंतल रंगभूमीवर आणले आणि मराठी संगीत नाटकाची परंपरा सुरू केली. १८८२ साली त्यांना भाऊराव कोल्हटकर हा नट लाभला. बडोद्याकडून आलेला हा देखणा तरुण टिपेच्या सुरात गाऊ लागला की थिएटरच्या शेवटच्या रांगेपर्यंत शब्दन् शब्द पोहोचत असे. त्या काळी ध्वनिक्षेपक नव्हता. पिटातल्या प्रेक्षकाने चार आणे मोजले असले तरी त्याला पद ऐकू आलेच पाहिजे, नाहीतर तो गोंधळ करीत असे. म्हणून आवाजाची पोच ही निवडीची पहिली कसोटी होती. शकुंतला आणि सुभद्रा या भूमिकांत भाऊराव या कसोटीला पुरेपूर उतरले. अण्णासाहेब १८८५ मध्ये गेले, तरी भाऊरावांच्या गळ्यावर मंडळी तरली.

१९०१ साली भाऊराव वारले आणि मंडळीचा आधारच गेला. नाटके तीच, पडदे तेच, पदेही तीच. परंतु नायिका नाही. त्यांच्या जागी दुसरे नट उभे राहिले, पण प्रेक्षक त्यांच्यात भाऊरावांनाच शोधीत आणि निराश होऊन घरी जात. संगीत नाटक मंडळी म्हणजे एक मोठे फिरते बिऱ्हाडच. नट, साथीदार, आचारी, पडदे ओढणारे, अशी पन्नास-पाऊणशे माणसे एका पंगतीला जेवायची. त्या पंगतीचा खर्च तिकिटांतून निघायचा, आणि तिकिटे खपायची ती नायिकेच्या नावावर. त्याच सुमारास स्वदेशहितचिंतक मंडळीत केशवराव भोसले नावाचा लहानगा मुलगा शारदेच्या भूमिकेत गाजत होता. किर्लोस्कर मंडळीला नवी शकुंतला हवी होती ती हौस म्हणून नव्हे, तिच्यावर साऱ्या बिऱ्हाडाचे पोट अवलंबून होते.

आता त्या मुलाकडे वळू. नारायणाचा जन्म २६ जून १८८८ चा. घरात गाण्याची आवड होती. मुलाचा गळा गोड. नातेवाइकांकडे जळगावला असताना मेहबूबखाँ यांच्याकडे त्याला गाण्याचे धडे मिळाले. पुण्यात लोकमान्य टिळकांनी लहान नारायणाचे गाणे ऐकले आणि त्याला बालगंधर्व म्हटले, अशी हकीकत सर्वत्र सांगितली जाते. पदवी मिळाली, परंतु पदवीने पोट भरत नाही. गोऱ्या, नाजूक चेहऱ्याचा, गोड गळ्याचा आणि शाळेत फारसा न रमणारा हा मुलगा पुढे करणार काय, याची चिंता घरच्यांना पडली असल्यास नवल नाही.

त्यातच एक मोठी अडचण होती. नारायणाला ऐकू कमी येत असे. गाणाऱ्या मुलाच्या कानांतच दोष असावा, हा दैवाचा खेळ म्हणावा काय! कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या कानावर या मुलाचे गाणे गेले. महाराज गुणांचे पारखी आणि आश्रयदाते. त्यांनी केवळ शाबासकी देऊन मुलाला परत पाठवले नाही. उपचारांसाठी त्याला मिरजेस पाठवले. डॉ. वॉनलेस यांच्या मिशन इस्पितळामुळे मिरज त्या वेळी दक्षिण महाराष्ट्रातील रोग्यांचे आशास्थान झाले होते. आणि योगायोग असा की किर्लोस्कर मंडळीचा मुक्कामही त्याच मिरजेत होता. रोगी म्हणून आलेला मुलगा आणि नायिका शोधणारी मंडळी एका गावात आली. महाराजांचा शब्द मध्ये पडला आणि गोष्ट पुढे सरकली.

येथे क्षणभर थांबून मंडळीच्या चालकांच्या जागी आपण बसून पाहावे असे मला वाटते. शंकरराव मुजुमदार आणि नानासाहेब जोगळेकर यांच्यासारखी रंगभूमीवर मुरलेली माणसे समोर बसली आहेत. मुलगा सतरा वर्षांचा. स्त्रीभूमिकेसाठी मुले त्या काळी यापेक्षा पुष्कळ लहान वयात घेत, त्यांना मंडळीतच वाढवीत. याला रंगभूमीचा काहीच अनुभव नाही. ऐकू कमी येते, म्हणजे सहनटाचे वाक्य संपले केव्हा हे कळण्याची पंचाईत, साथीचा सूर पकडण्याची पंचाईत. आवाजही भाऊरावांसारखा टिपेचा नाही. तो गोड, भरलेला आणि मध्यम सप्तकात खुलणारा आहे. जुन्या मापाने मोजले असते तर हा उमेदवार पहिल्याच फेरीत बाद व्हायचा.

दुसऱ्या पारड्यातही वजन होते. चेहरा स्त्रीवेषाला शोभणारा, हालचालीत स्वाभाविक मार्दव, आणि गळ्यात असा गोडवा की ऐकणाऱ्याने मान डोलवावी. मला वाटते, मंडळीने येथे सर्वांत मोठे शहाणपण दाखवले ते हे की तिने दुसरा भाऊराव शोधण्याचे सोडून दिले. गेल्या चार वर्षांचा अनुभव तिला सांगत होता की मेलेल्या नटाची नक्कल करणारा नट कधीच पुरा पडत नाही. जो भाऊरावांसारखा मुळीच नाही, अशा मुलावर तिने पैज लावली.

जोखीम एकट्या मंडळीची होती असे मात्र नाही. पांढरपेशा घरातल्या मुलाने नाटकात जाणे म्हणजे घराण्याचे नाव घालवणे, अशी त्या काळची समजूत होती. नाटक्या हा शब्द शिवीसारखा वापरला जाई. त्यातून स्त्रीवेष घ्यायचा, केस वाढवायचे, गावोगाव बिऱ्हाडाबरोबर हिंडायचे! आज आपल्यापैकी एखाद्याची नाटकात निवड झाली तर घरी पेढे वाटतात; तेव्हा घरी डोळ्यांत पाणी येत असे. महाराजांसारख्या माणसाचा पाठिंबा नसता तर राजहंसांच्या घरातून होकार मिळाला असता की नाही, कोण जाणे.

१९०५ साली गुरुद्वादशीच्या मुहूर्तावर नारायण मंडळीत दाखल झाला आणि मिरज मुक्कामीच शकुंतला होऊन रंगभूमीवर उभा राहिला. प्रेक्षकांनी त्याला स्वीकारले. मंडळीला नायिका मिळाली. हकीकत येथे संपवता आली असती, आणि पुष्कळ लेखांत ती येथेच संपते. माझ्या मते खरी हकीकत येथून सुरू होते. कारण निवड हा शेवट नसतो, ती एक उसनवारी असते; पुढे प्रत्येक प्रयोगात ती फेडावी लागते.

ही फेड करण्यासाठी नारायणाला गुरू भेटले ते गोविंद बल्लाळ देवल. शारदा नाटकाचे कर्ते म्हणून आपण देवलांना अभ्यासक्रमातून ओळखतो. परंतु तालीममास्तर म्हणूनही त्यांचा अधिकार मोठा होता. बेळगावच्या शाळेत ते अण्णासाहेब किर्लोस्करांचे विद्यार्थी होते, म्हणजे नारायणाला जी तालीम मिळाली ती थेट मूळ झऱ्याची होती. शब्दाचा अर्थ कळल्यावाचून शब्द उच्चारायचा नाही, आणि पद गायचे ते मैफल म्हणून नव्हे, त्या पात्राचे बोलणे म्हणून, ही देवलांची शिस्त. पुढे भास्करबुवा बखले यांच्यासारखा थोर गवई लाभला आणि गाण्याला रागदारीची बैठक आली. बालगंधर्वांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका मी लक्षपूर्वक ऐकल्या आहेत. खरखरीतूनही एक गोष्ट स्पष्ट जाणवते : तान कितीही सुंदर असो, ती शब्दाला झाकून टाकीत नाही. ऐकू कमी येणाऱ्या मुलाने दुसऱ्याला शब्द स्पष्ट ऐकू जावा यासाठी एवढी काळजी घ्यावी, यात मला काही योगायोग वाटत नाही. अर्थात हा माझा तर्क आहे.

कसोटीचा सर्वांत कठोर दिवस आला तो १२ मार्च १९११. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या मानापमान नाटकाचा तो पहिला प्रयोग, मुंबईत. चाली गोविंदराव टेंबे यांच्या. मंडळीने या नाटकावर पैसा आणि प्रतिष्ठा दोन्ही लावले होते. नायिका भामिनी, म्हणजे बालगंधर्व. आणि त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली. प्रयोग रद्द करावा असे कोणी म्हटले असते तर त्यात वावगे काहीच नव्हते. बालगंधर्वांनी प्रयोग केला. भामिनी ही श्रीमंत घरची गर्विष्ठ, लाडिक मुलगी. गरीब सैनिकाला नाकारणारी आणि मग वेष पालटून त्याच्याच प्रेमात पडणारी. त्या रात्री बालगंधर्वांना शोक करायचा नव्हता. हसायचे होते, रुसायचे होते, प्रेमाची पदे गायची होती. प्रयोग गाजला आणि मानापमान मराठी रंगभूमीवर अजरामर झाले.

ही हकीकत आपण नेहमी निष्ठेचा आदर्श म्हणून ऐकतो, आणि ती तशी आहेच. पण ती वाचताना मला दर वेळी थोडे अस्वस्थ वाटते. प्रेक्षकांचा आनंद राखण्यासाठी एखाद्या बापाने आपले दुःख विंगेत ठेवून यावे, असे मागण्याचा आपल्याला अधिकार आहे काय? त्यांनी ते दिले, हा त्यांचा मोठेपणा. आपण ते गृहीत धरू नये, एवढेच मला म्हणायचे आहे. भूमिका मिळावी म्हणून आपण धडपडतो, पण भूमिका आपल्याकडून काय मागणार आहे हे निवडीच्या दिवशी कोणालाच ठाऊक नसते.

१९११ मध्येच नानासाहेब जोगळेकर वारले आणि मंडळीत कुरबुरी वाढल्या. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. काल ज्याची निवड झाली होती, तो आज निवड करणारा झाला. या जागी बसूनही बालगंधर्वांची दृष्टी मोठी होती. साथीला सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा यांच्यासारखे कलावंत त्यांनी मिळवले. जे थिरकवाँसाहेब पुढे हिंदुस्थानभर गाजले, ते या मंडळीच्या नाटकांत साथ करीत होते, हे आज सांगितले तर खरे वाटत नाही. बोडसांसारखा कसलेला गद्य नट समोर असल्यामुळे प्रयोगाला तोल येई. १९१६ साली स्वयंवर आले आणि भास्करबुवांच्या चालींनी रुक्मिणी घरोघरी पोहोचली. १९१९ मध्ये राम गणेश गडकऱ्यांचे एकच प्याला आले. दुर्दैवाने ते पाहायला गडकरी हयात नव्हते. त्याच वर्षीच्या जानेवारीत ते वारले होते.

या एकच प्यालातील सिंधूविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. बालगंधर्व म्हणजे भरजरी शालू, अस्सल दागिने, अत्तराचा घमघमाट. त्यांच्या नेसण्याची आणि केशरचनेची नक्कल चांगल्या घरच्या स्त्रिया करीत. पुरुषाकडून स्त्रियांनी शृंगार शिकावा, असे उदाहरण जगात दुर्मीळच. आणि अशा माणसाने दारुड्याच्या बायकोच्या फाटक्या लुगड्यात जात्यावर बसावे! ज्या साधनांनी प्रेक्षक भाळले होते ती सर्व त्यांनी स्वतः बाजूला ठेवली आणि उरलेल्या गळ्यावर व अभिनयावर सिंधू उभी केली. मिरजेच्या निवडीची फेड खऱ्या अर्थाने येथे झाली असे मी मानतो.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत एक विलक्षण प्रयोग झाला. टिळक स्वराज्य फंडासाठी गंधर्व आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांनी मिळून संयुक्त मानापमान केले. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव भोसले. होय, तेच केशवराव, जे लहानपणी शारदा म्हणून गाजत होते. १९०८ साली स्वतःची ललितकलादर्श काढल्यावर त्यांनी हळूहळू पुरुषभूमिकांकडे वळून स्वतःला नव्याने घडवले होते. दोघेही बालपणी-तरुणपणी स्त्रीभूमिकेसाठी निवडले गेलेले. एकाने ती भूमिका उतरवून दुसरी घेतली, दुसऱ्याने ती अंगाला चिकटवून घेतली. प्रयोग अपूर्व रंगला. परंतु अवघ्या तीन महिन्यांत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव निवर्तले. त्यांचे वय एकतीस.

बालगंधर्वांच्या वाट्याला दीर्घ आयुष्य आले आणि त्याबरोबर दीर्घ परीक्षाही. व्यवहाराची गणिते त्यांना कधी जमली नाहीत. पडदे, वस्त्रे, पंगती, सर्वत्र राजेशाही खर्च. मंडळी कर्जात बुडाली. त्यांनी दिवाळे काढून मोकळे होण्याचा मार्ग पत्करला नाही. वर्षानुवर्षे प्रयोग करून देणी फेडली. पण काळ बदलत होता. बोलपट आले होते, स्त्रिया रंगभूमीवर येऊ लागल्या होत्या, आणि नायिकेचे वय चाळिशीच्या पुढे सरकले होते. १९३५ साली प्रभातच्या धर्मात्मा चित्रपटात व्ही. शांताराम यांनी त्यांना संत एकनाथांची भूमिका दिली. ज्यांनी तीस वर्षे त्यांना शालूत पाहिले, त्यांना हा पुरुषवेष रुचला नाही. पुढे गोहरबाई कर्नाटकी त्यांच्या मंडळीत आल्या. ध्वनिमुद्रिका ऐकून ऐकून गोहरबाईंनी त्यांची गायकी आत्मसात केली होती. त्या नायिका झाल्या, बालगंधर्व पुरुषभूमिका करू लागले. पण गेलेले वैभव परतले नाही.

याचा दोष कोणाला द्यावा? स्वतःला वेळीच बदलले नाही म्हणून बालगंधर्वांना देता येईल, आणि टीकाकारांनी तो दिलाही आहे. पण मला प्रेक्षकांचाही विचार करावासा वाटतो. १९०५ साली मंडळीच्या चालकांनी भाऊरावांची प्रतिमा मनातून पुसून एका नव्या मुलाकडे पाहिले, आणि म्हणून बालगंधर्व घडले. तीस वर्षांनंतर तेवढेच औदार्य आपल्या समाजाने बालगंधर्वांच्या बाबतीत दाखवले नाही. आपण त्यांना एकदा शकुंतला म्हणून निवडले आणि मग दुसऱ्या कोणत्याही रूपात पाहण्याचे नाकारले. प्रेमसुद्धा माणसाला एका चौकटीत कोंडून ठेवू शकते, त्याचे हे उदाहरण होय.

अखेरच्या वर्षांत पायांतले बळ गेले, तरी बसून ते भजने गात राहिले. १९५५ साली संगीत नाटक अकादमीचा सन्मान आणि १९६४ साली पद्मभूषण त्यांना मिळाले. पुण्याच्या रंगमंदिराचे भूमिपूजन १९६२ साली त्यांच्याच हस्ते झाले. पण ते उभे राहिलेले पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. १५ जुलै १९६७ रोजी त्यांचे निधन झाले आणि पुढच्या वर्षी २६ जूनला, त्यांच्या जन्मदिवशी, रंगमंदिराचे उद्घाटन झाले.

हे चरित्र वाचून आपल्यापैकी निवडणाऱ्यांनी आणि निवडले जाणाऱ्यांनी काय घ्यावे? निवडणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की गेल्या वर्षीच्या नटाची दुसरी प्रत शोधू नये. समोर जो उभा आहे त्याच्याकडे, त्याच्या उणिवेसकट, नीट पाहावे. कानाने अधू मुलाला नाकारणे सोपे होते, आणि कोणी त्याबद्दल मंडळीला दोष दिला नसता. निवडले जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की भूमिका मिळाली तो दिवस फक्त कर्ज घेतल्याचा असतो. आणि जे निवडले जात नाहीत, त्यांच्यासाठी तर या चरित्रातच दिलासा आहे. जुन्या मापाने मोजला असता तर सतरा वर्षांचा नारायण राजहंस मिरजेच्या त्या मुक्कामातून परत गेला असता, आणि आपले काय हरवले हे मराठी रंगभूमीला कधी कळलेही नसते.